वरचं पाणी

त्या दिवशी कोपरच्या घरात सगळ्यांच्या आधी जागी झाली ती रत्नदीपची पाठ.

“नखं लावू नकोस,” पायल डोळे न उघडताच म्हणाली.

“कुठे लावतोय? नुसता हात फिरवतोय.”

“मला आवाज येतोय, रत्ना.”

तो आवाज थांबला आणि घर पुन्हा गप्प झालं. इतकं गप्प, की खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कुकर आपल्याच ओट्यावर शिट्ट्या देतोय असं वाटावं. सान्वी असती तर एव्हाना तिनं दोघांच्या मध्ये घुसून पांघरूण पायानं लाथाडलं असतं, दूध नको म्हणून सांगितलं असतं आणि दूध दिलं नाही म्हणून भोकाड पसरलं असतं. पायलनं हात मध्ये ठेवला. चादर गार होती.

कांजिण्या म्हणजे पोराटोरांचं दुखणं. पण हे नवराबायको शेजारच्या सर्वेशच्या वाढदिवसाला गेले, केक खाऊन आले आणि दोन आठवड्यांनी जोडीनं आडवे झाले. सर्वेश चार दिवसांत बरा होऊन जिन्यात सायकल आपटायला लागला. हे दोघं मात्र तापानं असे पिळून निघाले, की पाण्याचा तांब्या कोणी उचलायचा म्हणून एकमेकांकडे बघत बसायचे. साडेतीन वर्षांच्या सान्वीला लस टोचलेली होती, तिला काही झालं नाही. पण तिचं करणार कोण? म्हणून रत्नदीपचा मोठा भाऊ सुमित तिला ठाण्यात बाळकुमला घेऊन गेला. आजी-आजोबा तिथेच, सुमितची बायको संचिता तिथेच, बाविसाव्या मजल्यावरचं हवेशीर घर. “आठ दिवसांचा तर प्रश्न आहे,” असं तो जिन्यात म्हणाला तेव्हा त्याच्या पिशवीत सान्वीचे दोन फ्रॉक होते.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. आता मार्च संपत आला होता आणि ते दोन फ्रॉक पायलला व्हिडिओ कॉलवर पुन्हा कधी दिसलेच नव्हते. रोज नवा रंग. रोज नवी क्लिप. परवा तर केसांची पुढची बट कापलेली.

“आज तिसरं पाणी,” रत्नदीप उठून बसत म्हणाला. “आज सुटलो आपण. तुझी मम्मी किती वाजता येणारे?”

“निघाली असेल कल्याणहून. पाला घेऊन येते म्हणाली.”

या पाण्याची गोष्ट जरा सांगायला हवी. रत्नदीपचे वडील बाबुराव यांनी आयुष्यभर घरात अंगारा-धुपारा शिरू दिला नव्हता. विहारात बोलायला उभे राहिले की अंधश्रद्धेवर तासभर बोलत आणि शकूबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत. घरी आल्यावर त्याच शकूबाई दाराला कडुलिंबाची डहाळी अडकवत. बाबुरावांनी डोळे वटारले की म्हणत, “डासांसाठी आहे.” कांजिण्यांना त्या देवी म्हणत नसत, बाई म्हणत नसत, कसलंच नाव घेत नसत. पण खपली धरली की कडुलिंबाचं पहिलं पाणी अंगावर घ्यायचं, मग काही दिवसांनी दुसरं, मग तिसरं, आणि तिसरं झालं की माणूस मोकळा, हे त्यांच्या आईकडून आलेलं होतं. पाणी कोणत्या दिवशी द्यायचं ते घरातली मोठी बाई सांगणार. बाबुरावांनी या बाबतीत हार मानली होती. “आंघोळच आहे ना, करू दे,” एवढं बोलून ते पेपर वाचायला घेत.

डॉक्टर तर केव्हाच म्हणाले होते, खपल्या सुकल्या, आता कोणाला काही होत नाही. पण पायलनं ताप उतरल्या उतरल्या, सासूबाईंना बरं वाटावं म्हणून, फोनवर विचारलं होतं, “आई, पाणी कधी द्यायचं? तुम्ही सांगाल तेव्हा.” झालं. घराची किल्ली आपल्या हातानं काढून दिल्यासारखं झालं ते. त्यानंतर शकूबाईंनी दिवस सांगायचे आणि पायलनं ते मोजायचे. सान्वी कधी येणार या प्रश्नाचं उत्तर दर वेळी एकच, पाणी होऊ दे.

चहा झाल्यावर तिनं बाळकुमला फोन लावला. शकूबाईंनी तो इतका जवळ धरला होता की पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता.

“आई, आज तिसरं होतंय. मग संध्याकाळी रत्ना येतो सान्वीला घ्यायला.”

“आज?” शकूबाई जरा थांबल्या. “आजच्या आज नको गं. एक वरचं पाणी असतं.”

“वरचं?”

“तिसऱ्याच्या वर एक. अशक्त माणसाला देतात. तुम्ही दोघं किती अशक्त झालायत, बघ तरी आरशात. पुढच्या आठवड्यात बघू.”

“पण तुम्ही तर म्हणालेलात तिसरं झालं की...”

“सान्वी, ए सान्वी, मम्मी बघ!” शकूबाईंनी फोन वळवला.

सान्वी सोफ्यावर उभी होती. निळा फ्रॉक, पांढरे मोजे, नवे बूट. तिच्या मागे संचिता, दातांत दाबून धरलेली पिन काढून तिच्या केसांत खोचत होती.

“पिल्लू, कुठे चाललीस एवढी नटून?”

“शाळेत,” सान्वी म्हणाली. “माझ्या शाळेत लाल घसरगुंडी आहे. मी काल पण बसले. मोठी आई खाली उभी होती.”

“कुठली शाळा, बाळा?”

“माझी.” एवढं सांगून सान्वी सोफ्यावरून उतरली आणि पडद्यावरून गेली. संचितानं एकदा फोनकडे बघितलं, हसल्यासारखं केलं आणि तीही गेली.

“असंच बघायला नेतात गं,” शकूबाईंचं कपाळ परत आलं. “इथे समोरच आहे. मुलांचा आवाज आला की ही नाचते. बरं, तू पेज घेतलीस का?”

फोन ठेवल्यावर पायल तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. रत्नदीपनं सगळं ऐकलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालू करून द्यायच्या आणि संध्याकाळी स्वतः तीन मजले चढायचे, यावरून सुमितनं केलेली थट्टा नातेवाइकांत फिरून जुनी झाली होती. अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायची त्याला सवय होती. आताही त्यानं तोच आवाज काढला.

“तू टेन्शन नको घेऊ. बघायलाच नेलं असेल.”

“नवे बूट घालून?”

“वहिनीला हौस आहे गं. आठ वर्षं बिचारी डॉक्टर डॉक्टर करतेय. पोरगी घरात आली तर जरा खूश आहे. आई पण खूश. राहिली अजून थोडे दिवस तर काय बिघडलं? आपल्याला पण आराम.”

“मला आराम नकोय.”

“हे बघ, पायल, तिकडे शाळा चांगल्या आहेत, हे तूच बोललेलीस मागे. तुझं ऑफिस पण ठाण्यात. तू सकाळी तिला भेटून...”

तो बोलता बोलता थांबला, कारण पायल त्याच्याकडे बघत होती.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“दादा बोललेला सहज. अॅडमिशन सुरू झाल्यात म्हणून. मी हो नाही बोललो.”

“नाही पण नाही बोललास.”

रत्नदीपनं मान खाली घातली. भाऊ लहानपणापासून त्याच्या पाठीशी उभा राहिलेला. त्याच्या शिक्षणासाठी सुमितनं स्वतःचं कॉलेज सोडलं होतं, हे या घरात कोणी बोलून दाखवत नसे आणि कोणी विसरतही नसे. अशा भावानं काही मागितलं तर रत्नदीपच्या तोंडून नाही निघणं अवघड, हे पायललाही कळत होतं. पण सान्वी म्हणजे काही कॉलेज नव्हे.

“मला पण आजीकडे आठ दिवसांसाठीच पाठवलेलं, रत्ना,” ती म्हणाली. “पाचवीत परत आले मी.”

त्यानं चहाचे कप उचलून मोरीत ठेवले. बरं झालं, तेवढ्यात दार वाजलं.

शीला जिना चढून धापा टाकत होती. एका हातात पाल्याची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. “जयभीम,” ती दारातूनच म्हणाली, “काय हो रत्नदीप, तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट कधी बसवताय?” रत्नदीपनं पिशवी घेतली. नेहमी तो यावर काहीतरी बोलायचा, आज बोलला नाही. शीलानं लेकीचा चेहरा पाहिला, जावयाचा पाहिला आणि काही न विचारता सरळ मोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाला खुडता खुडता ती कल्याणच्या उन्हाची, रिक्षावाल्याची, चाळीतल्या नळाची तक्रार करत राहिली. पाण्याला हिरवा कडवट वास सुटला तशी घरात जरा माणसं असल्यासारखं वाटलं.

रत्नदीपची आंघोळ आधी झाली. मग पायल न्हाणीघरात पाटावर बसली. शीलानं पदर खोचला आणि पहिला तांब्या तिच्या खांद्यावरून सोडला.

“हाडं लागतात हाताला,” शीला म्हणाली. “खातेस की नाही?”

“मम्मी, वरचं पाणी म्हणजे काय गं?”

“कुठलं वरचं?”

“तिसऱ्यानंतरचं. आई म्हणाल्या, अशक्त माणसाला देतात.”

शीलाचा तांब्या मध्येच थांबला. “मी तर कधी ऐकलं नाही बाई. तिसरं झालं की झालं.” तिनं जरा विचार केला. “सान्वीला पाठवत नाहीत?”

पायलनं मान हलवली. मग ते सगळं बाहेर आलं. बूट, बट, लाल घसरगुंडी, रत्नदीपचं गप्प बसणं. ती सांगत होती आणि शीला पाणी ओतत होती, पाण्यानं तोंड भिजलेलं असल्यामुळे रडणं कुठलं आणि पाणी कुठलं ते दोघींनाही बघावं लागलं नाही. मग पायलनं ते विचारलं, जे तिनं इतक्या वर्षांत, लग्नात, बाळंतपणात, कधीच विचारलं नव्हतं.

“तू मला घ्यायला का नाही आलीस?”

शीला मागे होती. तिचा चेहरा दिसत नव्हता.

“आलेले,” ती म्हणाली.

“कधी?”

“माझी कावीळ बरी झाली, थोडी चालायला लागले आणि आले. एसटीनं, संगमनेरला उतरून. तुझ्यासाठी बिस्किटांचा पुडा घेतलेला. घरात शिरले आणि तुझ्या आजीला विचारलं, पायल कुठंय? तर तू धान्याच्या कोठीमागे. मी हाक मारली. तू आलीच नाहीस. वाकून बघितलं तर भिंतीला चिकटून बसलेली, डोळे गच्च मिटून. आजी म्हणाली, घाबरलीय, तुला विसरली पोर. रडवून नको नेऊ. मग मी म्हटलं राहू दे. जरा ओळखीची होईल, पुढच्या वेळी नेऊ. पुढच्या वेळी आले तर तू शाळेत जायला लागलेली. तुझी आजी तिथे एकटी. ती मला ठेव म्हणाली नाही, पण ने पण म्हणाली नाही. तुझे पप्पा म्हणाले, तिथे खाऊनपिऊन आहे ना? मग काय बोलणार मी. परत जाताना एसटीत तो पुडा माझ्या मांडीवर तसाच.”

पायल वळली. अंगावर पाल्याची पानं चिकटलेली, केसांतून पाणी गळतंय, आणि डोळे आईवर.

“मी विसरले नव्हते, मम्मी.”

“अगं, लहान होतीस...”

“मला आठवतंय. मी तुला खिडकीतून येताना बघितलेलं. तू पिवळी साडी नेसलेली. मी मुद्दाम लपले. तू मला एवढे दिवस ठेवून गेलेलीस ना, मला राग आलेला. मला वाटलं तू आत येशील, मला हाताला धरून ओढशील. मी नाही नाही म्हणणार आणि तू नेणार. मी डोळे मिटून वाट बघत होते. तू ओढलंच नाहीस.”

न्हाणीघरात नुसता नळ टपकत होता.  शीला तिथेच ओल्या फरशीवर, साडीचा विचार न करता, खाली बसली. तिनं लेकीचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. एवढ्या वर्षांत दोघींनी मिळून जो अर्थ लावला होता तो चुकीचा होता. आईला वाटत होतं लेक विसरली, लेकीला वाटत होतं आईला नकोशी झाले, आणि दोघींनी एकमेकींना बरं वाटावं म्हणून तो विषय कधी काढला नव्हता. पायलला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला फक्त ती पिवळी साडी पुन्हा एकदा दारात यावी असं फार वाटलं.

बऱ्याच वेळानं शीला उठली. तिनं पातेल्यातलं उरलेलं पाणी तांब्यात घेतलं, पायलच्या डोक्यावर सगळं ओतलं आणि नाक पुसत म्हणाली, “हे घे तुझ्या सासूचं वरचं पाणी. झालं एकदाचं.” मग बाहेर तोंड करून ओरडली, “रत्नदीप, तुम्ही पण या इकडे, डोक्यावर एक तांब्या घ्या!”

अंग पुसून, केसांना पंचा गुंडाळून पायल गॅलरीत आली. तिनं फोन सासूबाईंना लावला नाही. संचिताला लावला.

“बोल पायल. झालं का पाणी?” संचिताच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“झालं. ताई, सान्वीची अॅडमिशन घेतलीत का?”

गलका तसाच चालू होता.  मग कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला आणि गलका कमी झाला.

“फॉर्म आणलाय नुसता. भरला नाही.”

“आईंनी आणायला सांगितला?”

“नाही. आईंना काही बोलू नकोस, पायल. त्यांची यात काही चूक नाही. मीच त्यांना म्हटलं, अजून थोडे दिवस राहू दे तिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. आणि आज सकाळी ते वरचं पाणी. मलाही तेव्हाच कळलं. त्यांनी माझ्यासाठी केलं ते.”

पायल भांडायच्या तयारीनं उभी होती. तिनं वाक्यंसुद्धा जुळवली होती, शकूबाईंसाठी. ती सगळी तिच्या तोंडातच राहिली.

“ती सकाळी उठली की आधी माझ्या पोटावर पाय टाकते,” संचिता हळू आवाजात म्हणाली. “मग विचारते, आज काय वार आहे. तिला वारातलं काही कळत नाही, पण रोज विचारते. मला माहितीये गं ती तुझी आहे. मला कोणी सांगायची गरज नाही. पण सकाळी मला ते आठवत नाही.”

 आज काय वार आहे, हे सान्वी पायलला कधी विचारत नसे. ते तिकडे गेल्यावरचं होतं. आपल्या लेकीचं एक नवीन वेड आपल्याला ठाऊक नाही आणि दुसऱ्या बाईला आहे, हे तिला आतून झोंबलं. त्याच वेळी संचिताबद्दल वाईटही वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचाही राग आला.

“ताई, आज तिला घेऊन या.”

“आज? उद्या आणू का? उद्या रविवार आहे, सुमितला पण...”

“आज. आणि तुम्ही आणा. सुमितदादांना नका पाठवू. ती तुमच्याच हातून यायला पाहिजे.”

 “बरं,” संचिता म्हणाली. “तिचं दूध होऊ दे. मग निघते.”

बातमी बाळकुमच्या घरात पोचायला वेळ लागला नाही. थोड्याच वेळात शकूबाईंचा फोन आला. “अगं पायल, असं काय करतेस? वरचं पाणी...”

“झालं, आई. मम्मीनं आजच दोन्ही दिली.”

 मागून बाबुरावांचं हसू ऐकू आलं. “बघ, तुझ्यापेक्षा वरचढ निघाली विहीणबाई,” ते म्हणत होते. शकूबाईंनी त्यांना गप्प केलं असावं, कारण हसणं एकदम थांबलं. मग त्यांचा आवाज आला, आणि त्यात हुकूम नव्हता.

“संचिता येतेय. तिला जेवल्याशिवाय पाठवू नकोस. आणि पायल, तिला काही बोलू नकोस. जे बोलायचं ते मला बोल.”

“नाही बोलणार, आई.”

“तुझं पण मला कळत होतं गं,” शकूबाई म्हणाल्या. “पण घरात एकीचं बघितलं की दुसरीचं राहतं.”

दुपार सरता सरत नव्हती. रत्नदीपनं घर आवरायला घेतलं, म्हणजे चार वस्तू इकडच्या तिकडे केल्या. मग तो पायलच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “दादाला मी सांगतो. मीच सांगायला पाहिजे होतं.” एवढंच. पायलनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. दोघांच्या हातांवर सारखेच डाग होते. शीलानं डाळ-भात टाकला, वांग्याचं भरीत केलं, आणि संचिताला तिखट चालतं का हे तीन वेळा विचारलं. पायलनं सान्वीची उशी उन्हात टाकली आणि पुन्हा पुन्हा उलटी केली. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की ती उठायची. दर वेळी कोणी दुसरंच उतरायचं.

शेवटी जिन्यात पावलं वाजली, संथ, ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाची. पायलनं दार उघडलं.

संचिता शेवटच्या पायऱ्या चढत होती. सान्वी तिच्या खांद्यावर झोपली होती, तोंड तिच्या मानेत, दोन्ही हात गळ्यात. संचिताचा चेहरा उन्हानं आणि तीन मजल्यांनी लाल झाला होता. खांद्याला अडकवलेली बॅग फुगलेली होती. त्यात ते सगळे फ्रॉक असणार.

“निघाल्या निघाल्याच झोपली,” संचिता कुजबुजली. “वाटेत उठवलं नाही.”

“आत या ना, ताई. तिला गादीवर ठेवा.”

संचितानं उंबऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. “आत आले तर मग मी लवकर निघणार नाही. घे तू.”

पायलनं हात पुढे केले. झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणं ही काही मोठी गोष्ट नाही, बायका रोज करतात. तिनं सान्वीच्या काखेत हात घातले आणि उचललं. सान्वीनं झोपेतच संचिताच्या गळ्याला मिठी घट्ट केली. पायलनं पुन्हा उचललं. सान्वीचे डोळे उघडले, तिनं आईकडे बघितलं, डाग पडलेला चेहरा, मोकळे केस, आणि तोंड वेडंवाकडं करून पुन्हा संचिताच्या मानेत घातलं.

“नको,” ती म्हणाली. “मोठी आई.”

संचिता पुतळ्यासारखी उभी होती. तिनं सान्वीला धरलं नव्हतं, तिचे दोन्ही हात बाजूला होते. पण तिनं सोडवायलाही मदत केली नाही. तेवढं तिच्याकडून होणार नव्हतं.

“राहू दे का थोडा वेळ?” रत्नदीप मागून म्हणाला. “ओळखीची होईल जरा. मग...”

“नाही,” पायल म्हणाली.

तिनं ती छोटी बोटं गळ्यावरून एकेक करून सोडवली. सान्वी किंचाळली. पाय झाडले, नव्या बुटाची टाच पायलच्या बरगडीवर बसली, जिथं अजून दुखत होतं. पायलनं तिला ओढून आपल्या अंगाशी घेतलं. सान्वी पूर्ण जागी होऊन, मागे झुकून, दोन्ही हात संचिताकडे पसरून रडायला लागली. खालच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला.

संचितानं बॅग दारात ठेवली. “ती झोपताना पाठीवर थापटायला लागतं,” ती म्हणाली, “सवय लावली मी.” मग ती वळली आणि कठड्याला धरून उतरायला लागली. शीला आतून “अहो, जेवून तरी जा” म्हणत धावत आली, पण पायऱ्यांवरचा आवाज थांबला नाही. एकदाच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, थांबला.

पायलला कळलं, आता हाक मारली तर ती वर येईल. येईल, सान्वीला घेईल, आणि सान्वी एका मिनिटात शांत होईल. सगळे जेवतील. मग ताई म्हणतील, आजची रात्र राहू दे तिकडे. आणि संध्याकाळी जिन्यातून उतरताना सान्वी हात हलवेल. हाक पायलच्या ओठांवर आली होती. जिन्यात उभ्या असलेल्या त्या बाईसाठी तिचा जीव तुटत होता.

शीला तिच्या मागे उभी राहिली. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

“रडू दे तिला,” ती म्हणाली. “माझं ऐक. रडू दे.”

खाली पावलं पुन्हा सुरू झाली आणि मग ऐकू येईनाशी झाली. रत्नदीप गॅलरीत गेला होता. “वहिनी खालीच उभी आहे,” तो तिथून म्हणाला. “वर बघतेय.”

“उद्या रविवार आहे,” पायल म्हणाली. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. “उद्या सगळ्यांना जेवायला बोलव. ताईंना आधी फोन कर.”

ती दारातच खाली बसली, फरशीवर, फुगलेल्या बॅगेला टेकून. सान्वी अंग ताठ करून, गुदमरून, मोठी आई मोठी आई करत रडत होती, तिच्या कुशीतून निसटायला बघत होती. पायलनं तिला सोडलं नाही.